पाणपिसवेच्या पोटातली लढाई

जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशींची कुळकथा सांगणारे बहुतेक जण १८८२ सालच्या मेसिनापाशी रेंगाळतात. सिसिलीतल्या त्या गावी प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेच्निकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. सकाळी काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला दिसला. प्रसंग सुंदर आहे, पण काटा म्हणजे रोग नव्हे. मला त्यांचे १८८४ सालचे काम अधिक मोलाचे वाटते.

डॅफ्निया ही गोड्या पाण्यातली इवलीशी पाणपिसू. अंग आरपार दिसणारे. तिला यीस्टच्या जातीची एक बुरशी जडते. बुरशीचे सुईसारखे बीजाणू पाणपिसू अन्नाबरोबर गिळते आणि ते आतड्याची भिंत भोसकून शरीराच्या पोकळीत उतरतात. तिथे रक्तपेशी त्यांना चिकटतात, वेढतात, गिळून पचवतात. पेशींनी बाजी मारली तर पाणपिसू जगते. बीजाणूंतून बुरशी फोफावली तर आधी पेशी मरतात, मग पाणपिसू. मेच्निकॉव्ह यांनी हे सारे जिवंत प्राण्यात पाहिले आणि दाह ही मुळात शरीराची बचावाची कृती आहे, असे ठामपणे मांडले. १९०८ साली पॉल एर्लिख यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले.

पण पेशी बुरशीला ओळखते कशी? याचे उत्तर यायला शतक उलटले. १९९६ साली स्ट्रासबर्गमध्ये ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ‘टोल’ जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीने मेल्या; म्हणजे बुरशीशी लढायला हे जनुक लागते. २००१ साली गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी दाखवले, की भक्षकपेशीवरचा डेक्टिन-१ हा ग्राही बुरशीच्या भिंतीतले बीटा-ग्लुकान हा घटक ओळखतो.

इथून गोष्ट पुन्हा आतड्यात शिरते. आपल्या आतड्यात कॅन्डिडासारख्या बुरशी एरवीही असतात. २०१२ साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी डेक्टिन-१ नसलेल्या उंदरांच्या आतड्यात रसायनाने दाह निर्माण केला. तो इतर उंदरांपेक्षा तीव्र झाला आणि बुरशीनाशक औषधाने उतरला. म्हणजे बुरशीला आवर घालणाऱ्या पेशी दाहालाही आवर घालत होत्या.

या भक्षकपेशींच्या इशाऱ्याने टी पेशी या दुसऱ्या संरक्षक पेशी इंटरल्युकिन-१७ हे रसायन सोडतात. ते दाह वाढवते, म्हणून क्रोन्स या आतड्याच्या आजारात ते रोखून पाहिले गेले. २०१२ सालीच त्या चाचणीचा निकाल आला: रुग्णांना आराम पडला नाही, उलट काहींना बुरशीचा संसर्ग झाला.