पाते साहेबाचे, मूठ आपली

मराठ्यांच्या शस्त्रांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. तलवारीच्या मुठींचे प्रकार, कट्यारीची घडण, दांडपट्ट्याची लवचीकता यांवर लेख आहेत, पुस्तके आहेत, संग्रहालयांत दालने आहेत. खिशातल्या मिटत्या चाकूवर मात्र सहसा कोणी लिहीत नाही. शस्त्र म्हणावे तर तो फार लहान, आणि घरातले भांडेकुंडे म्हणावे तर फार धारदार. त्यामुळे शस्त्रागारातही त्याला जागा मिळाली नाही आणि संसाराच्या इतिहासातही नाही. गिरगावातल्या चाळीची पुनर्बांधणी निघते, माळ्यावरची ट्रंक खाली येते, आणि तिच्या तळाशी असलेला गंजका चाकू भंगाराच्या पोत्यात जातो. फार तर चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर एखाद्या ताटलीत, जुनी नाणी आणि बिनकाट्यांची घड्याळे यांच्या शेजारी तो पुन्हा दिसतो.

असे चाकू जमवणारे थोडे लोक आहेत. त्यांतले बहुतेक आधी पाते पाहतात, कारण कारखान्याचे नाव पात्यावर असते. या लेखाचे म्हणणे असे की नजर मुठीकडे वळवावी. पाते कोणत्या गावी घडले ते पाते सांगते. तो चाकू कोणाच्या खिशात होता, त्या माणसाची ऐपत काय होती आणि मुंबई बंदरातून तेव्हा कोणता माल ये-जा करत होता, हे मूठ सांगते.

चाकू आला कचेरीतून

मराठी घरात चिरण्या-कापण्याचे काम विळीचे. नारळ खवायचा तर मोरळी, सुपारी कातरायची तर अडकित्ता, कोकणात परसात आणि रानात कोयता. ‘सुरी’ हा शब्द संस्कृत ‘छुरिके’कडून आलेला जुना शब्द, ‘चाकू’ मात्र तुर्की-फारसीच्या वाटेने आला. तो आला तोही मुख्यतः दफ्तराच्या वाटेने. बोरूचे टोक तिरपे छाटायचे, मध्ये चीर द्यायची, लिहून झिजले की पुन्हा छाटायचे, यासाठी कारकुनाजवळ लहान, पातळ पात्याचे हत्यार लागे. फारसीत त्याला ‘कलमतराश’ म्हणत. मोडी लिहिणाऱ्या हाताला बोरू जितका आवश्यक, तितकाच तो छाटणारा चाकूही.

पुढे लोखंडी टाक आला, मग शिसपेन्सिल आली, आणि चाकूचे काम बदलले तरी संपले नाही. पेन्सिलीला टोक काढणे, पाकिटे फोडणे, पेरू कापणे, सुतळी तोडणे अशी कामे त्याला मिळाली. कोट अंगात आला तसा कोटाला खिसा आला, आणि चंचीत अडकित्ता बाळगणाऱ्या माणसाचा मुलगा खिशात मिटता चाकू बाळगू लागला. इंग्रजी अमदानीत गिरगाव-ठाकूरद्वारच्या चाळींतून फोर्टातल्या कचेऱ्यांकडे रोज जाणारा कारकून वर्ग आणि १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेल्या दादर-माटुंग्याच्या वस्तीत पुढे राहायला गेलेली त्याची पुढची पिढी, हे या चाकूचे मुख्य गिऱ्हाईक.

रॉजरचा चाकू

या वर्गाच्या तोंडी एक नाव होते: रॉजरचा चाकू. इंग्लंडातल्या शेफील्डची जोसेफ रॉजर्स अँड सन्स ही ती पेढी. चांदणी आणि माल्टाचा क्रूस ही तिची खूण १७६४ पासूनची. १८२२ मध्ये चौथ्या जॉर्जकडून तिला राजघराण्याची पुरवठादार म्हणून मान्यता मिळाली. पात्याच्या बुडाशी मुकुट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना राज्यकर्त्याची आद्याक्षरे कोरलेली असत. त्यामुळे संग्राहकाचे काम सोपे होते. ‘व्ही. आर.’ असेल तर चाकू व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, म्हणजे १९०१ च्या आधीचा, ‘जी. आर.’ असेल तर बहुधा १९१० नंतरचा.

या नावाला इतकी किंमत होती की नकला होऊ लागल्या. जर्मनीतल्या स्वस्त पात्यांवर शेफील्डचे नाव ठोकून विकण्याचा धंदा बोकाळला, तेव्हा ब्रिटिश पार्लमेंटने १८८७ मध्ये मालावरील खोट्या खुणांविरुद्ध कायदा केला. हिंदुस्थानात तसाच कायदा १८८९ मध्ये आला. ‘शेफील्ड’बरोबर ‘इंग्लंड’ हा शब्द पात्यावर ठसठशीत दिसतो तो बहुधा या सुमारापासून. पात्याचा इतिहास असा शिक्क्यांवरून वाचता येतो. मुठीवर शिक्का नसतो, तिचा इतिहास तिच्या द्रव्यातून वाचावा लागतो.

हस्तिदंत, शिंग, लाकूड

मिटत्या चाकूची मूठ म्हणजे पाते ज्यात मिटते त्या धातूच्या सांगाड्याच्या दोन बाजूंना खिळ्यांनी बसवलेल्या दोन पट्ट्या. रॉजर्सच्या भारी चाकूंना या पट्ट्या हस्तिदंताच्या असत. हा हस्तिदंत कुठला? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्व आफ्रिकेतला हस्तिदंत मोठ्या प्रमाणावर झांझिबारहून कच्छी आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या हातून मुंबईत उतरत असे. त्यातला काही इथेच बांगड्यांसाठी आणि कोरीवकामासाठी जाई, उरलेला जहाजाने लंडनला. लंडनच्या लिलावांतून तो शेफील्डला पोहोचे. म्हणजे गिरगावातल्या एखाद्या वकिलाच्या खिशातल्या चाकूची पांढरी मूठ आयुष्यात दोनदा मुंबई बंदर पाहून आलेली असू शकते: एकदा सुळा म्हणून, एकदा चाकू म्हणून.

शिंगाची गोष्ट याहून सरळ आहे. हिंदुस्थानातून म्हशींची शिंगे इंग्लंडला जात, आणि सांबराची शिंगेही. सांबर दरवर्षी शिंगे गाळते; रानात वेचलेली ती खडबडीत, तपकिरी शिंगे शेफील्डच्या कारागिरांना फार प्रिय होती, कारण हात ओला असला तरी त्यांवरची पकड सुटत नाही. शिकारी आणि लष्करी चाकूंच्या मुठी बव्हंशी याच शिंगाच्या. पाते साहेबाचे असले तरी मूठ अशी आपल्याच रानातून गेलेली असे.

ही द्रव्ये हाताळण्याचे कसब मुंबईत नव्हते असे नाही. ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून जगभर गेलेल्या पेट्यांचे जडावकाम इथेच होत असे. मुंबईच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या, उभारणीत पुढाकार घेणारे जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात या कामाची सामग्री नोंदवली आहे: कथलाची तार, चंदन, आबनूस, पतंगाचे लाकूड, पांढरा आणि हिरवा रंगवलेला हस्तिदंत, आणि सांबरशिंग. हे कसब शिराझहून सिंध, सुरत असे करत मुंबईला आले, असेही ते सांगतात. चाकूच्या मुठींची जवळजवळ सगळी यादीच या एका पेटीत सापडते. कोकणात विजयदुर्गला शिंगावरचे कोरीवकाम हा नावाजलेला धंदा होता. गॅझेटियरकारांनी त्याची आवर्जून नोंद घेतली. उणीव होती ती शेफील्डच्या तोडीचे पातळ, कमानीवर खटकन मिटणारे पाते स्वस्तात हजारोंनी काढणाऱ्या कारखान्यांची. म्हणून कच्चा माल गेला आणि पक्का माल आला. कापसाची जी कहाणी दादाभाई नौरोजींच्या पिढीने मांडली, तीच इथे तीन इंचांच्या वस्तूत दिसते.

गिरणगावचा चाकू

परळ-लालबागच्या गिरणी कामगाराच्या खिशात हस्तिदंत नव्हता. त्याचा चाकू देशी लोहाराचा, मूठ शिसवीची, बाभळीची किंवा पितळेची. गावाहून आणलेली फणसाची फोड, खोलीवरचा कांदा, तंबाखूचा पुडा, बोचक्याची दोरी यांसाठी तो होता. शिकलगार किंवा चाकावर धार लावणारा फिरस्ता चाळीखाली येई, ठिणग्या उडवी आणि पाते दरवेळी थोडे अरुंद करून परत देई. असा चाकू झिजून संपतो, जपून ठेवला जात नाही. म्हणूनच आज संग्रहात हस्तिदंती मुठीचे चाकू भरपूर आणि लाकडी मुठीचे थोडे दिसतात. यावरून पूर्वी हस्तिदंती चाकू जास्त होते असे कोणी म्हणेल तर ते साफ चूक ठरेल. जे कमी वापरले गेले तेच उरले, एवढाच त्याचा अर्थ.

पितळी मुठीच्या लांब, खटक्याच्या चाकूने मात्र वेगळेच नाव कमावले. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा हा चाकू हिंदी सिनेमाने घराघरांत पोहोचवला. तो उघडतानाचा आवाज हीच त्याची ओळख झाली आणि त्या आवाजाने साध्या चाकूलाही बदनाम केले. शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते, घरगुती वा व्यावसायिक कामाचे नसेल तर, शस्त्रांच्या यादीत धरले गेले. खिशातला चाकू या मापात बसत नाही. पण १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली बंदी हुकूम निघाला की चाकू जवळ बाळगण्यावरच बंदी येऊ शकते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, टोळ्यांची नावे वर्तमानपत्रांत येऊ लागली, आणि लालबागमध्ये खिशात चाकू असणे हे पेरू कापण्याच्या तयारीचे लक्षण राहिले नाही. पुढे २००१ नंतर विमानतळांवर परदेशाहून भाचरांनी आणलेले लाल मुठीचे स्विस चाकूसुद्धा हातातल्या पिशवीतून काढून घेतले जाऊ लागले. ज्या वस्तूशिवाय आजोबा घराबाहेर पडत नसत, ती नातवाला बाळगता येईना.

उकळते पाणी आणि सेल्युलॉइड

मुठीचे द्रव्य बदलण्यामागे स्वस्ताई हे एक कारण, स्वच्छता हे दुसरे. त्याचा सर्वांत स्पष्ट दाखला शस्त्रवैद्यांच्या चाकूंत मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शल्यचिकित्सेच्या चाकूंना आबनूस आणि हस्तिदंताच्या नक्षीदार मुठी असत. जंतूंचे ज्ञान झाले, हत्यारे उकळण्याची प्रथा पडली, आणि उकळत्या पाण्यात तडकणाऱ्या, सांध्यात घाण धरणाऱ्या या मुठी गेल्या. त्यांच्या जागी अखंड धातूच्या मुठी आल्या. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा १८९९ मध्ये आली, शेजारी १९२६ मध्ये के.ई.एम. रुग्णालय उघडले, तोवर हा बदल पुरा झाला होता. १९१३ मध्ये शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारे पोलाद शोधले, तेव्हा पाते आणि मूठ दोन्ही पाण्याला भिण्याचे कारण संपले.

खिशातल्या चाकूत हीच क्रांती प्लास्टिकने केली. कापसाचे नायट्रेट आणि कापूर यांपासून झालेले सेल्युलॉइड १८७० नंतर हस्तिदंताची नक्कल करू लागले. दुधातल्या केसीनपासून गॅलॅलिथ १८९७ च्या सुमारास आले, बेकेलाइट १९०७ मध्ये. कारकुनाला पांढरी मूठ परवडू लागली ती अशी.

ओळखावे कसे

हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेषांची जाळी दिसते. लांबीच्या बाजूला त्याच रेषा लाटांसारख्या वाहतात. हाडाच्या मुठीत भिंगाखाली बारीक काळे ठिपके किंवा रेघोट्या असतात, त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. रेषा मोजून मारल्यासारख्या अगदी समांतर असतील तर ते सेल्युलॉइड समजावे. अंगठ्याने जोरात घासले आणि कापराचा वास आला की खात्रीच. तापल्या सुईची जुनी परीक्षा मात्र कधीही करू नये, सेल्युलॉइड भडकन पेटते. म्हशीचे शिंग प्रकाशासमोर धरले की कडेला मधासारखे पारदर्शक दिसते, आणि लोकर खाणारे किडे त्यालाही खातात.

मुंबईची दमट, खारी हवा या सर्वांची परीक्षा घेते. पावसाळ्यात लाकूड आणि शिंग फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि खिळ्यांजवळ चिरा पडतात. सेल्युलॉइड जुने झाले की त्यातून आम्लाच्या वाफा निघतात आणि शेजारच्या चाकूंची पातीही गंजतात. असे चाकू एका बंद डबीत इतरांबरोबर ठेवू नयेत.

उरलेला प्रश्न

हस्तिदंताचा व्यापार आता गुन्हा आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९८९ मध्ये आफ्रिकी हत्तीला मिळालेले आंतरराष्ट्रीय संरक्षण आणि १९९१ ची दुरुस्ती यांनी तो बंद केला, आणि हे योग्यच झाले. सांबरशिंगाची खरेदी-विक्रीही चालत नाही. म्हणून आजोबांचा हस्तिदंती चाकू बाजारात नेऊ नये. पण भीतीपोटी लोक आणखी एक गोष्ट करतात: मूठ उपटून टाकतात आणि उरलेले लोखंड भंगारात देतात. त्यात हत्ती वाचत नाही, इतिहास मात्र जातो. त्यापेक्षा चाकू जसा आहे तसा ठेवावा, वनखात्याकडे आणि संग्रहालयाकडे रीतसर विचारणा करावी.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, फण्या जमवून दाखवून दिले की रोजच्या हातातली वस्तूही संग्रहालयाच्या मानाची असते. मुंबईच्या चाकूंना तसा कोणी अजून मिळालेला नाही. मिळाला, तर त्याने रॉजर्सचे शिक्के तर नोंदवावेतच. पण आधी लालबागच्या एखाद्या खोलीतला, पाते झिजून बोटभर उरलेला, शिसवीच्या मुठीचा बिननावाचा चाकू उचलावा. नोंदीत ‘चाकू, मालक गिरणी कामगार, मूठ लाकडाची, हाताच्या घामाने काळी पडलेली’ एवढे लिहिले तरी पुरे. शेफील्डच्या चाकूंची माहिती शेफील्डला मिळेल. या चाकूची माहिती, तो गेला की कुठेच मिळणार नाही.