सुया जप्त झाल्या आणि साथ पसरली : एडिनबराची कहाणी

१/ १९८० च्या दशकाच्या आरंभी स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा येथे स्वस्त हेरॉईनचा सुळसुळाट झाला. शहराच्या उत्तरेकडील मुइरहाऊससारख्या वसाहतींत बेकारी माजली होती. तेथील अनेक तरुण हेरॉईन शिरेतून टोचून घेऊ लागले. पोलिसांनी कठोर उपाय योजला : कोणाजवळ सुई वा सिरिंज आढळली, की ती जप्त करायची.

२/ औषधविक्रेते अशा गिऱ्हाइकांना सिरिंज देईनासे झाले. वैद्यकीय साहित्याच्या एका दुकानात ती मिळत असे; १९८२ च्या सुमारास तोही मार्ग बंद झाला. सुई मिळाली नाही तर व्यसन आपोआप आटोक्यात येईल, असा यामागील हिशेब होता. प्रत्यक्षात सुई दुर्मीळ झाली, व्यसन तसेच राहिले. एकाच खोलीत जमलेले अनेक जण एकच सिरिंज आळीपाळीने वापरू लागले.

३/ सुई शिरेत नीट बसली आहे की नाही, हे पाहण्यासाठी टोचणारा थोडे रक्त सिरिंजमध्ये ओढून घेतो. त्याचा अंश आत उरतो आणि पुढच्या माणसाच्या शिरेत थेट उतरतो. एचआयव्हीच्या प्रसाराला याहून सोपी वाट नव्हती.

४/ मुइरहाऊस भागातील डॉक्टर रॉय रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी अशा रुग्णांतील काविळीचा, म्हणजे हिपॅटायटिस बी चा, अभ्यास करीत होते. त्यासाठी घेतलेले रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते. एचआयव्हीची चाचणी उपलब्ध होताच तेच नमुने तपासण्यात आले. १६४ जणांपैकी ८३ बाधित निघाले, म्हणजे निम्म्याहून अधिक.

५/ हे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या नमुन्यांवरून साथीचा काळही ठरवता आला : १९८३ ची अखेर ते १९८४ चा आरंभ. शेजारच्या ग्लासगोतही हेरॉईन टोचणारे पुष्कळ होते; तरी तेथील बाधितांचे प्रमाण सुमारे ५ टक्केच आढळले. दोन शहरांतील या तफावतीमागे सुयांची टंचाई हे एक प्रमुख कारण असल्याचे डॉक्टरांनी मांडले.

६/ त्याच वर्षी रक्तसंक्रमण सेवेतील डॉ. मॅक्लेलँड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शिफारस केली : जे टोचणे थांबवू शकत नाहीत, त्यांना निर्जंतुक सुया द्याव्यात आणि हेरॉईनऐवजी तोंडाने घ्यायचे मेथाडोन द्यावे. सरकारच व्यसनाला हातभार लावणार काय, असा प्रश्न उभा राहणे अपरिहार्य होते. तरीही १९८७ मध्ये वापरलेली सुई देऊन नवी घेण्याची प्रायोगिक केंद्रे इंग्लंड व स्कॉटलंडमध्ये सुरू झाली. लिव्हरपूलने तर १९८६ मध्येच तशी सुरुवात केली होती.

७/ १९८८ मध्ये ब्रिटिश सरकारच्या सल्लागार मंडळाने स्पष्ट म्हटले, की समाजाला अमली पदार्थांपेक्षा एचआयव्हीचा धोका मोठा आहे. व्यसनमुक्तीचे ध्येय सोडलेले नव्हते, परंतु ती साधेपर्यंत माणूस जिवंत राहणे हे पहिले उद्दिष्ट ठरले. ‘हानी कमी करणे’ या धोरणाचा गाभा हाच. सुया आणि मेथाडोन मिळू लागल्यावर एडिनबरात टोचण्याचे प्रमाणच पुष्कळ घटले; सुयांमुळे व्यसन वाढेल, ही भीती खरी ठरली नाही.

८/ भारतात हाच प्रसंग मणिपूरवर ओढवला. म्यानमारच्या सीमेवरून येणारे हेरॉईन तेथे ‘नंबर फोर’ म्हणून ओळखले जाई. १९८९-९० मध्ये टोचून घेणाऱ्यांत एचआयव्ही आढळला आणि काही महिन्यांतच बाधितांचे प्रमाण निम्म्याच्या घरात पोहोचले. १९९६ मध्ये मणिपूरने आपल्या एड्सविषयक धोरणात हानी कमी करण्याचा मार्ग स्वीकारला. २००२ च्या राष्ट्रीय धोरणानेही त्याला मान्यता दिली.

९/ एचआयव्हीला खऱ्या अर्थाने आवर घालणारे संयुक्त औषधोपचार १९९६ च्या सुमारास आले. एडिनबराच्या त्या नमुन्यांतील ८३ जणांना तोवर दहा-बारा वर्षे काढायची होती. त्यांच्यापैकी अनेकांना ती लाभली नाहीत. त्यांच्या हातून काढून घेतलेल्या सुईची किंमत अवघी काही पेन्स होती.