हरित भारत अभियान
हवामानबदलाविषयी केंद्र सरकारने २००८मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यातील आठ अभियानांपैकी हे एक. त्यास मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीची मंजुरी २०१४मध्ये मिळाली. ५० लाख हेक्टरांवर वृक्षाच्छादन वाढविणे आणि तेवढ्याच क्षेत्रावरील वनांचा दर्जा सुधारणे, हे मूळ उद्दिष्ट. काम एकट्या वनखात्याच्या आवाक्यातले नसल्याने रोजगार हमीची मजुरी व भरपाई वनीकरणाचा निधी त्यास जोडण्याचे ठरले. खरी अडचण लागवडीनंतरची आहे. चराई आणि वणव्यापासून रोपे राखायची कोणी? गडचिरोलीतील मेंढा-लेखा ग्रामसभेला २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये सामूहिक हक्क मिळाला. जंगलाची राखण मात्र गावाने त्याच्या कितीतरी आधीच अंगावर घेतली होती.