मेणवलीच्या देवळातली चर्चची घंटा

‘स्वदेस’ पाहिलाय ना? त्यातला नदीकाठचा घाट म्हणजे वाईजवळचं मेणवली. त्याच घाटावर मेणेश्वराच्या देवळाशेजारी एका छोट्या दगडी मंडपात भलीमोठी घंटा टांगलीय. वजन साधारण ६५० किलो सांगतात. जवळ जाऊन बघा, अंगावर बाळ येशूला घेतलेली मरियम आहे आणि साल आहे १७०७.

महादेवाच्या दारात मरियम आली कशी?

त्यासाठी वसईला जावं लागतं. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. मग किल्ल्यात आणि आसपासच्या गावांत चर्च उभी राहिली. चर्चची घंटा म्हणजे गावाचं घड्याळच. प्रार्थनेची वेळ, लग्न, मयत, सगळं तिच्या ठोक्यांवरून कळायचं. म्हणून ती उंच मनोऱ्यात टांगायची आणि खालून दोर ओढायचा. आमच्या बीडकडं देवळातली घंटा वेगळ्या कामाची. आपण हात वर करून एक टोला देतो आणि देवाला ‘आलो बरं का’ म्हणून सांगतो. एक घंटा गावाला बोलावते, दुसरी देवाला.

मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेनं वसई जिंकली. पोर्तुगीजांनी आधी इथली देवळं पाडली होती, त्याचा राग होताच. चर्चच्या घंटा उतरवल्या गेल्या.

आता धातूचं गणित. मी सॉफ्टवेअरवाला, पण हा भाग मला भारी आवडतो. घंटेच्या कांशात सुमारे पाचवा हिस्सा कथील असतं, म्हणून ती खणखणते. तोफेच्या कांशात कथील जवळपास निम्मं, कारण तोफ तडकून चालत नाही. म्हणजे घंटा वितळवून जवळपास तिच्याइतकंच तांबं घातलं की तोफ तयार! रशियाच्या पीटरनं १७०० साली नार्वाला मार खाल्ल्यावर हेच केलं. तोफा मराठ्यांनाही हव्याच होत्या. तरी यातल्या कित्येक घंटा देवळांना दिल्या गेल्या. एक भीमाशंकरला आहे. एक नाशिकला, नारोशंकराच्या १७४७ च्या देवळात, गोदावरीकाठी. हीच गोदावरी पुढं आपल्या गेवराईत राक्षसभुवनला येते, जिथं १७६३ मध्ये माधवराव पेशव्यांनी निजामाला हरवलं.

मेणवलीची घंटा मात्र थेट तिथं आलेली नसणार. वाडा नाना फडणवीसांचा, आणि नानांचा जन्मच १७४२ चा! वसई पडली तेव्हा ते नव्हतेच.

काही जण याला सहिष्णुता म्हणतात. मला ते फार गोड वाटतं. ही जिंकल्याची खूण होती, सरळ आहे. पण छिन्नीचे चार घाव घातले असते तर मरियम गेली असती. कुणी घातले नाहीत. तिच्यासमोर माणसं महादेवाला हात जोडत आली, हे मला त्या विजयापेक्षा मोठं वाटतं.

आणि ज्यांच्यासाठी ती ओतली, ते? वसईचे ख्रिस्ती शेतकरी तिथंच राहिले. आजही तिथल्या सामवेदी घरांत कादोडी बोलतात, आणि चर्चमध्ये मिस्सा मराठीत होते. किल्ल्यातल्या सेंट जोसेफ चर्चचा मनोरा अजून उभा आहे. वर छप्पर नाही, आत घंटा नाही.

मेणवलीला गेलात तर हेडफोन काढा आणि टोला जरा हळू द्या. तीनशे वर्षांची आहे ती.