मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर : निवडीचा इतिहास

मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर : एका हाताने झाडता येणारे, फिरत्या काडतूस-कोठीचे आखूड अग्निशस्त्र. नळीच्या आतील व्यासास बोअर किंवा कॅलिबर म्हणतात. सामान्यतः ०·४० इंच (सु. १० मिमी.) वा त्याहून अधिक व्यासाचे हातशस्त्र मोठ्या बोअरचे समजले जाते. बेताच्या पैशांत असे शस्त्र घ्यावयाचे झाल्यास शक्ती, वजन, टिकाऊपणा व किंमत यांचा मेळ घालावा लागतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भारतात मात्र ही निवड प्रायः दुसऱ्याच गोष्टीवर अवलंबून राहिली : त्या शस्त्राचे काडतूस कोण तयार करतो व ते कोणाच्या ताब्यात असते. मराठवाड्यातील हदगाव (जि. नांदेड) व त्याच्या भोवतालच्या प्रदेशाच्या इतिहासात याचे तीन टप्पे स्पष्ट दिसतात. हदगावच्या वायव्येस हिंगोली येथे १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. तालुक्याच्या उत्तरेची पैनगंगा नदी ही १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालील मराठवाडा व वऱ्हाड यांमधील सीमा होती. आणि १९६२ नंतर उर्वरित भारताप्रमाणे येथील शेतकरी, व्यापारी व निवृत्त सैनिक यांना नव्या शस्त्र कायद्याखाली परवाना घेणे आवश्यक ठरले.

छावणीचा काळ : हैदराबाद कंटिन्जंटचे अधिकारी ब्रिटिश असत. ब्रिटिश सैन्यातील अधिकाऱ्याने आपले हातशस्त्र स्वखर्चाने विकत घ्यावे, असा त्या काळी प्रघात होता. त्यामुळे मर्यादित पगारात चांगले शस्त्र निवडणे हा अधिकाऱ्यांपुढील नेहमीचा प्रश्न होता. कोणत्या कारखान्याचे शस्त्र घ्यावे याचे त्यांना बरेच स्वातंत्र्य होते. परंतु त्यात सरकारी काडतूस बसलेच पाहिजे, ही अट होती. बर्मिंगहॅम येथील वेब्ली कंपनीचे रिव्हॉल्व्हर १८८७ मध्ये ब्रिटिश सेनेने स्वीकारले आणि ०·४५५ इंची काडतूस पुढील चार दशके प्रमाण ठरले. विलायती माल मिळण्याची सोयही वाढत होती. अधिकाऱ्यांच्या सहकारी तत्त्वावर निघालेल्या ‘आर्मी अँड नेव्ही’ या लंडनच्या भांडाराची शाखा १८९१ मध्ये मुंबईत उघडली.

अधिक दाम मोजून उत्तम सफाईचे शस्त्र घेता येई. तथापि साधे सरकारी नमुन्याचे वेब्ली कामास कमी पडत नसे. नळी मध्यभागी मोडून उघडली की रिकामी पुंगळी आपोआप बाहेर फेकली जाई, त्यामुळे पुन्हा भरणे जलद होई. सांधे ढिले असल्याने धूळ व चिखल यांत ते अडकत नसे. मध्यम किंमतीचे शस्त्र महागड्या शस्त्राच्या तोडीस तोड ठरण्याचे मुख्य कारण म्हणजे दोहोंत एकच काडतूस चाले व ते छावणीत मिळे. हे काडतूस पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखान्यातही (स्थापना १८६९) तयार होत असे.

हीच सोय एतद्देशीयांना नव्हती. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली आणि आरंभीच्या नियमांत युरोपीयांना मात्र सूट ठेवली. निजामाच्या राज्यात संस्थानचे स्वतःचे नियम होते. गावोगावी आढळणारी बंदूक म्हणजे ठासणीची. तिला शिसे व दारू पुरे, पितळी काडतुसाची गरज नसे. कारखानी काडतुसावर चालणारे शस्त्र घेणे म्हणजे दर बारासाठी सरकारवर वा परवानाधारक दुकानदारावर अवलंबून राहणे होते.

बोअरचे मोजमाप : बोअरचा आकडा मोठा म्हणजे शस्त्र अधिक परिणामकारक, या समजुतीस लष्करी अनुभवाचा काही आधार आहे. अमेरिकेत १९०४ मधील थॉम्पसन व ला गार्ड यांच्या चाचण्यांनंतर ०·४५ इंची बोअरचा आग्रह धरण्यात आला व १९११ मध्ये कोल्ट पिस्तूल स्वीकारले गेले. ब्रिटिशांनी नेमका उलटा निर्णय घेतला. १९१५ मध्ये प्रचारात आलेल्या वेब्ली मार्क ६ चे वजन सु. १·१ किग्रॅ. होते. त्याची सु. १७ ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदास सु. १९० मी. वेगाने सुटे. पहिल्या महायुद्धात झपाट्याने भरती केलेल्या सैनिकांना या जड शस्त्राचा नेम साधण्यास फार सराव लागतो, असे आढळून आले. म्हणून १९३२ मध्ये ०·३८ इंची एन्फील्ड क्र. २ हे सु. ०·८ किग्रॅ. वजनाचे रिव्हॉल्व्हर स्वीकारण्यात आले. त्याची मूळ शिशाची गोळी सु. १३ ग्रॅ. वजनाची होती, पुढे तिच्या जागी धातूच्या आवरणाची सु. ११·५ ग्रॅ. वजनाची गोळी आली. सराव कमी असलेल्या हातात लहान बोअरचे शस्त्र अधिक उपयोगी पडते, हा या बदलाचा अर्थ होय. सरावासाठी काडतुसे लागतात व काडतुसांना पैसे. त्यामुळे खर्चाचा हिशोब शस्त्राच्या किंमतीपाशी थांबत नाही.

सीमेवरील वर्ष (१९४७–४८) : दुसऱ्या महायुद्धामुळे भारतात हातशस्त्रांचे अनेक नमुने आले. ०·४५५ व ०·३८ इंची वेब्ली, एन्फील्ड, त्याच ०·३८ इंची काडतुसावर चालणारे अमेरिकन स्मिथ अँड वेसन, अमेरिकन सैन्याचे ०·४५ इंची कोल्ट आणि कॅनडात तयार झालेले ९ मिमी. ब्राउनिंग हे त्यांपैकी प्रमुख. युद्ध संपल्यावर ऑगस्ट १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. परंतु हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नाही. स्टेट काँग्रेसने सत्याग्रह पुकारला. स्वामी रामानंद तीर्थ यांस अटक झाल्यावर संस्थानाबाहेरून कृतिसमितीने लढा चालविला. मराठवाड्यासाठी मनमाड हे तिचे केंद्र होते. लातूर येथे वकिली केलेल्या कासिम रझवी याच्या रझाकार संघटनेच्या अत्याचारांमुळे सीमेलगत सशस्त्र प्रतिकाराची ठाणी उभी राहिली. हदगावसमोर पैनगंगेपलीकडील उमरखेड येथील ठाणे त्यांपैकी एक होते.

या ठाण्यांपुढील प्रश्न दुहेरी होता. गांधीजींच्या मार्गाने चालणाऱ्या संघटनेने शस्त्र हाती घ्यावे काय, हा पहिला. आणि घ्यावे तर लोकांच्या पैशातून कोणते घ्यावे, हा दुसरा. पैशाचा प्रश्न ३० जानेवारी १९४८ रोजी काही अंशी सुटला. त्या दिवशी हदगावच्या दक्षिणेस, भोकरपलीकडील उमरी येथील हैदराबाद स्टेट बँकेवर छापा घालून कार्यकर्त्यांनी सु. वीस लाख रुपये हस्तगत केले. त्याच सायंकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. ही रक्कम लढ्याच्या कार्यासाठी वापरावयाची होती व तिचा हिशोब ठेवण्याची जबाबदारी नेत्यांनी स्वतःवर घेतली.

अशा ठाण्याच्या दृष्टीने मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर आकर्षक, पण अडचणीचे शस्त्र होते. त्याचा उपयुक्त पल्ला फार तर २५ ते ३० मी.; नदीकाठच्या मोकळ्या रानात रायफलीपुढे त्याचा निभाव लागणे अशक्य. त्याहून मोठी अडचण काडतुसांची. ०·४५५ व ०·३८ इंची काडतुसे सरकारी कारखान्यांतून सैन्य व पोलीस यांना मिळत. बाहेर मिळणारा साठा अल्प व जुना असे. वीस-पंचवीस बार झाडल्यावर उत्तम बनावटीचे शस्त्रही लोखंडाचा तुकडा ठरे. बाराची बंदूक व ठासणीची बंदूक यांचे महत्त्व या काळातही टिकून राहिले ते यामुळेच. रझाकारांची स्थिती फारशी निराळी नव्हती. त्यांतील बहुसंख्यांकडे तलवारी व ठासणीच्या बंदुकाच होत्या.

पैसा विपुल असूनही काडतुसांची चणचण भागत नाही, हे निजाम सरकारच्या अनुभवावरून दिसते. भारताने केलेल्या नाकेबंदीमुळे संस्थानला शस्त्रे व दारूगोळा आणण्यासाठी १९४८ मध्ये सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाचा आश्रय घ्यावा लागला. त्याची विमाने कराचीहून रात्री उड्डाण करून बीदर, वरंगळ इ. धावपट्ट्यांवर उतरत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले व १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पतकरली.

कायद्याची रेषा : १९५९ चा शस्त्र अधिनियम व त्याखालील नियम १९६२ मध्ये अंमलात आले. त्यांत हातशस्त्रांचे वर्गीकरण बोअरच्या लहानमोठेपणावरून केलेले नाही. ज्या पिस्तुलात वा रिव्हॉल्व्हरमध्ये ०·३८० वा ०·४५५ इंची कडेदार काडतूस अथवा सैन्याचे ९ मिमी. काडतूस बसते व झाडता येते, ते प्रतिबंधित बोअरचे ठरविण्यात आले. त्याचा परवाना देण्याचा अधिकार केंद्र शासनाकडे राहिला. इतर हातशस्त्रांचा परवाना जिल्हादंडाधिकारी देऊ लागले. सरकारी काडतूस खाजगी हाती चालू नये, हा यातील मूळ हेतू होय. छावणीच्या काळी जे काडतूस बसणे आवश्यक होते, तेच बसू नये, असा हा पूर्ण उलटा नियम आहे. दोन्ही नियमांमागील विचार मात्र एकच आहे.

परिणामी सामान्य परवानाधारकासाठी ०·३२ इंची बोअर हे प्रमाण ठरले. त्याची गोळी सु. ६·३ ग्रॅ. वजनाची असून तिची ऊर्जा जुन्या ०·४५५ इंची गोळीच्या सु. निम्मी भरते. १९८०–९० या दशकात खाजगी आयात जवळजवळ बंद झाल्याने देशात आधीच असलेल्या विलायती शस्त्रांच्या किंमती गुणवत्तेशी संबंध न राहता वाढल्या. पुढे कानपूर येथील सरकारी कारखान्यांनी ०·३२ इंची रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. २०१४ मधील ‘निर्भीक’ या हलक्या रिव्हॉल्व्हरचे वजन सु. ५०० ग्रॅ. व किंमत सु. १·२२ लाख रु. होती. बेताच्या मिळकतीच्या कुटुंबास हा खर्चही मोठाच होय.

जुन्या शस्त्राची पारख : वारसाहक्काने आलेले वा दुसऱ्या परवानाधारकाकडून घ्यावयाचे शस्त्र परीक्षकाकडून तपासून घेणे अगत्याचे ठरते. जुन्या काडतुसांच्या टोपीतील क्षारांमुळे नळीत गंजाचे खड्डे पडतात. मोडून उघडणाऱ्या शस्त्राचा वरचा खटका झिजला, की नळी व सांगाडा यांत हालचाल जाणवते. घोडा पूर्ण चढविल्यावर कोठीचे छिद्र नळीच्या रेषेत पक्के बसले पाहिजे. तपासणीगृहाचा शिक्का शस्त्राने कोणता दाब सोसावा हे सांगतो. तो ज्या काडतुसासाठी आहे, त्याहून जोरकस काडतूस वापरणे धोक्याचे असते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत विकल्या गेलेल्या अनेक ०·४५५ इंची वेब्ली रिव्हॉल्व्हरांची कोठी मागून घासून त्यांत ०·४५ इंची कोल्ट काडतूस बसविण्यात आले. ते काडतूस स्वस्त व मुबलक होते. परंतु त्याचा दाब या शस्त्रांच्या मर्यादेपलीकडचा असल्याने कित्येकांचा सांगाडा ढिला झाला, तर काहींची कोठी फुटली. काडतुसाच्या सोयीसाठी शस्त्र बदलण्याचा मोह किती महागात पडतो, याचे हे उदाहरण होय.

सद्यःस्थिती : २०१६ च्या नियमांतही वरील विभागणी तत्त्वतः कायम राहिली व परवान्यापूर्वी शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण आवश्यक करण्यात आले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत पाच वर्षे झाली. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना, प्रशासनाच्या आदेशानुसार, शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. ज्या काळात धोका अधिक वाटतो, नेमके त्याच काळात शस्त्र घरी नसते. म्हणून केवळ संरक्षणासाठी महाग शस्त्र घेणाऱ्याने हेही ध्यानात घेणे इष्ट. परवान्यावर शस्त्राच्या क्रमांकाबरोबर एका वेळी व वर्षभरात किती काडतुसे घेता येतील, हेही नमूद केलेले असते. शस्त्राचा बोअर कोणताही असो, त्याची उपयुक्तता शेवटी या मर्यादेतच मोजली जाते.