आठ कप चहा आणि योगायोग

आपल्याकडे चहा, दूध, साखर सगळं एकाच पातेल्यात उकळतं. इंग्रजांचं तसं नाही. कपात आधी दूध घालायचं की चहा, यावर तिथं दोन पक्ष आहेत. १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शेवाळतज्ज्ञ बाई होत्या. आधी काय ओतलं हे आपल्याला चवीवरून कळतं, असा त्यांचा दावा. तिथले संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांना त्यातून एक कोडं सापडलं. खरंच कळतं, की नुसता अंदाज लागतो?

१९३५ साली आलेल्या आपल्या पुस्तकात फिशर यांनी हा प्रयोग मांडला. आठ कप, चारांत आधी दूध, चारांत आधी चहा. क्रम चिठ्ठ्या टाकाव्यात तसा. आधी दुधाचे चार कप ओळखायचे. आठांतून चार निवडण्याच्या रीती ७०, त्यांतली बरोबर फक्त एक. म्हणजे अंदाजानं सगळे जुळण्याची शक्यता दीड टक्क्याहूनही कमी. असं घडलं तर योगायोगाकडे बोट दाखवणं अवघड. पण चारांपैकी तीनच जुळले तर? किमान तीन जुळण्याच्या रीती १७. जवळजवळ चारांत एक. तेवढ्यावर कुणी विश्वास ठेवू नये. बाई जिंकल्या की हरल्या, हे पुस्तकात नाही. महत्त्व पद्धतीला होतं.

योगायोगाची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असेल तर निष्कर्ष 'सार्थ' मानायचा, ही सोयीची रेषाही फिशर यांचीच, १९२५च्या पुस्तकातली. पुढं सोयीचा नियम झाला आणि नियमाचा उंबरठा.

इथं शब्द फसवतो. 'सार्थ' म्हणजे मोठं किंवा मोलाचं नव्हे. हजारो रोग्यांवर तपासलेल्या औषधानं ताप अर्धा तास लवकर उतरला, तर तेही या अर्थानं सार्थ ठरू शकतं. रोग्याला त्याचं काय? आणि वीस निरुपयोगी औषधं तपासली, तर त्यांतलं सरासरी एक केवळ नशिबानं उत्तीर्ण होतं. जाहिरात त्या एकाचीच होते; एकोणीस गप्प राहतात. केवळ अशा उंबरठ्यावर विसंबून निर्णय घेऊ नका, असं अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेनं २०१६ साली जाहीरपणे बजावलं.

तेव्हा 'प्रयोगानं सिद्ध' असं कुणी सांगितलं, की तीन प्रश्न विचारावेत: कप किती होते? प्रयोग किती वेळा केला? आणि फरक पडला, तो केवढा?