निमोणे परिसर आणि घोडनदीकाठचा जुना कालवा

शिरूर तालुक्यातील निमोणे परिसरात फिरताना डोळ्यांत भरते ती उसाची आणि कांद्याची हिरवाई. वस्तुतः हा मुलूख पर्जन्यछायेचा. घोडनदीवर चिंचणी येथे १९६५ साली धरण पूर्ण झाले आणि कालव्याचे पाणी या शिवारांत खेळू लागले.

परंतु या नदीचे पाणी वळविण्याची कल्पना फार जुनी आहे. त्यासाठी प्रवाहाबरोबर खाली इनामगावास जावे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. सांकलिया, अन्सारी व ढवळीकर ही त्यातील प्रमुख नावे. इ.स.पू. १६०० च्या सुमारास वसलेले शेतकऱ्यांचे गावच मातीखालून वर आले. पुराचे पाणी वळविणारा बांध व कालवा, प्रमुखाचे पाच खोल्यांचे घर, शेजारी धान्याचे कोठार. मुख्य पीक मात्र जव! प्रौढ मृतांचे पाय घोट्याखाली तोडून पुरत. का, याविषयी तर्कच करावे लागतात.

इ.स.पू. १००० नंतर चित्र पालटते. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शिकारीच्या हरणांची हाडे वाढतात. पाऊस हटल्याने हे घडले, असे ढवळीकरांचे मत. ते सर्वांस मान्य नाही. या हलाखीतही मृत बालकास दोन कुंभांची तोंडे जुळवून घराच्या जमिनीखाली पुरण्याची रीत टिकली. इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव ओस पडले.